विज्ञान प्रदर्शन: आपल्यासारख्या देशांत जन्मलेली तंत्रं मुलांकडून मोजून कशी घ्यायची? (ठाणे, ८वी-९वी)

कळवा_विज्ञान

नमस्कार. कळव्याला मराठी माध्यमाच्या शाळेत ८वी-९वीला विज्ञान शिकवते. डिसेंबरअखेरीस प्रदर्शन आहे. दरवर्षी तेच ज्वालामुखी, तीच पवनचक्की, तेच थर्माकोलचं धरण. यंदा विषय ठरवलाय: युरोप-अमेरिकेबाहेर, साध्या साधनांतून उभी राहिलेली तंत्रं. मुलांनी स्वतः शोधून यादी आणली. नायजेरियाचा मडक्यातला फ्रिज, ब्राझीलचा पाण्याच्या बाटलीचा दिवा, उन्हात पाणी शुद्ध करणं, आणि आपलं ओआरएस (जुलाबात देतात ती जलसंजीवनी).

नुसतं मॉडेल ठेवून पाठ केलेलं भाषण म्हणायला लावायचं नाही. प्रत्येक गटाकडे स्वतः घेतलेली आकडेवारी हवी. सहा-सहा मुलांचे चार गट आहेत, हातात तीन आठवडे, खर्च सगळा मिळून पाच हजारांच्या आत. प्रयोगशाळेत अल्कोहोलचे थर्मामीटर, एक डिजिटल काटा, मोजपात्रं आहेत. मडक्याचा प्रयोग जुलैमध्ये करून पाहिला तर आतलं तापमान बाहेरच्या इतकंच राहिलं. मुलांचं म्हणणं, हे तंत्र खोटं आहे. नक्की काय चुकतं?

---

खाडीकाठ

ताई, मुलांनी घेतलेलं रीडिंग बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा चुकला. जुलैत ठाण्यात ते चालणारच नव्हतं, आणि का चालणार नव्हतं हे आकड्यांत दाखवता आलं तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम स्टॉल.

मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं: हे तंत्र उत्तर नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९५च्या सुमारास गावोगाव पोचवलं. ते स्वतः शिक्षक, घराणं कुंभारांचं. २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. तिथली हवा वर्षातला बराच काळ कोरडी ठणठणीत असते. आपल्याकडे खाडी उशाशी. ओलं मडकं किती थंड होऊ शकतं याची खालची मर्यादा हवाच ठरवते. थर्मामीटरच्या फुग्यावर ओली वात गुंडाळली की जे तापमान दिसतं ती ती मर्यादा, म्हणजे ओल्या फुग्याचं तापमान.

जुलैत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के असेल तर ओला फुगा साधारण २७.३ दाखवतो. फरक जेमतेम पावणेदोन अंश, आणि मडकं त्यातला निम्माशिम्माच गाठणार. अल्कोहोलच्या थर्मामीटरवर एक अंश तर वाचण्यातच जातो. डिसेंबरात दुपारी ३१ अंश आणि ४५ टक्के धरा: ओला फुगा २२च्या आसपास, म्हणजे जवळपास ९ अंशांची जागा. तेच मडकं, तीच वाळू.

आता बांधणी. बाहेरचं मडकं तोंडाशी ३० सेंमी, आतलं २० सेंमी, दोन्ही बिनरंगाची, बिनचकाकीची. रंगवलेली किंवा पॉलिश केलेली कुंडी घेऊ नका, छिद्रं बुजलेली असतात. घेताना बाहेरून पाण्याचा थेंब ठेवून बघा, अर्ध्या मिनिटात शोषला गेला पाहिजे. कुंडीला खाली भोक असेल तर एम-सीलने बंद करा. तळाला ३ सेंमी वाळूचा थर, त्यावर आतलं मडकं, आणि बाजूच्या फटीत वाळू. वाळू जाडसर हवी. बारीक रेती किंवा माती भरली की चिखल होऊन बसतो आणि पाणी वरून खालपर्यंत सारखं जात नाही. खाडीची रेती मिळाली तर गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, ते मडक्याच्या छिद्रांत साचतं. दोन आठवड्यांत बाहेरून पांढरी झाक दिसायला लागली तर समजा मीठच आहे.

वाळू भिजेल एवढंच पाणी घाला, वर तरंगेल इतकं नको. सकाळ-संध्याकाळ दोनदा. तोंडावर ओलं गोणपाट. जांभळी नाक्याला धान्याच्या दुकानात जुनी पोती मिळतील. मडकं जमिनीवर टेकवू नका, लोखंडी तिवईवर ठेवा म्हणजे तळही सुकत राहतो. जागा सावलीची पण वाऱ्याची. बंद वर्गात ठेवलं तर आजूबाजूची हवा हळूहळू दमट होते आणि काम मंदावतं.

हे झालं सोपं. अवघड पुढे आहे. मडकं आणि वाळू मिळून पंधरा-वीस किलोचं वजन, ते रात्री गार होतं आणि दिवसा हळूहळू तापतं. त्यामुळे दुपारी बारा वाजता आतलं तापमान हवेपेक्षा कमी दिसतं ते सगळं बाष्पीभवनामुळे नसतं. म्हणून तंतोतंत दुसरा जोड करा, त्यात कोरडी वाळू. दोन्हींत आत अर्धा लिटर पाण्याचं भांडं आणि त्यात थर्मामीटर. सकाळी ८ ते दुपारी ४, दर अर्ध्या तासाने. ओल्या जोडाचा खरा हिशेब कोरड्या जोडाशी करायचा, नुसत्या हवेशी नाही. हा कोरडा जोड नसेल तर प्रयोग पुसट होतो, आणि तेवढ्या एका मुद्द्यावर जाणकार परीक्षक तुम्हाला अडवेल.

सुरुवातीला सगळे थर्मामीटर एका बादलीत दहा मिनिटं बुडवून प्रत्येकाचं रीडिंग लिहा. शाळेच्या थर्मामीटरांत एक-दीड अंशाचा आपसातला फरक सहज निघतो. तो फरक प्रत्येकाच्या नावाने चिकटवून ठेवा आणि नंतर वजा करा.

ओल्या फुग्यासाठी नवी पांढरी सुती बुटाची नाडी, साबणाने धुऊन खळ काढलेली. एक टोक फुग्यावर, दुसरं छोट्या बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्यात. त्यावर टेबलफॅनचा वारा सोडा. वारा नसेल तर रीडिंग एक-दोन अंश जास्त दाखवतं आणि तुमचं गणित मडक्याची उगाच स्तुती करतं.

कार्यक्षमता अशी काढा: (हवा − मडकं) भागिले (हवा − ओला फुगा). हवा ३१, ओला फुगा २२, मडकं २५.५ असेल तर ५.५ भागिले ९, म्हणजे ६१ टक्के. ही दुपारी तीननंतर, तापमान स्थिरावल्यावर काढा, सकाळी नको.

आणि जुलै डिसेंबरात दाखवायचा असेल तर तोही दाखवता येतो. मडक्याभोवती बांबूच्या चौकटीवर प्लास्टिकचा तंबू करा, आत दोन ओले टॉवेल टांगा. तासाभरात आर्द्रता चढते आणि आतलं तापमान वर सरकायला लागतं. तंबू काढला की पुन्हा खाली. हवा आणि ओला फुगा यांच्यातला फरक आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढा. मुलांचं जुलैचं रीडिंग त्यावर डाव्या टोकाला ठेवा, ते फेकू नका.

---

तलावपाळी_सूक्ष्म

उन्हातल्या पाण्याच्या गटासाठी लिहिते. आधी एक पक्कं सांगून ठेवते: या प्रयोगातलं पाणी कोणीही प्यायचं नाही, पाहुण्यांना 'बघा, शुद्ध झालं' म्हणून तर अजिबात नाही.

ही पद्धत बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले आफ्तिम आक्रा यांच्या कामातून पुढे आली. १९८० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी जे छापलं ते मुळात ओआरएसचं द्रावण उन्हाने निर्जंतुक होतं का यावर होतं. म्हणजे तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी एकाच धाग्यात आहेत, दोन स्टॉल शेजारी ठेवा.

बाटली: पारदर्शक, रंगहीन, पीईटी (थंड पेयांच्या बाटल्यांचं प्लास्टिक), दोन लिटरपर्यंत, लेबल काढलेली, ओरखडे नसलेली. जाड निळसर वीस लिटरचे जार नको. बाटली तीन-चतुर्थांश भरून वीस सेकंद जोरात हलवा, हवेतला ऑक्सिजन विरघळला की परिणाम वाढतो. मग पूर्ण भरून पत्र्यावर आडवी ठेवा, म्हणजे पाण्याची खोली दहा सेंमीच्या आत राहते. स्वच्छ उन्हात सहा तास, सकाळी साडेनऊ ते साडेतीन. अर्ध्याहून जास्त आभाळ असेल तर दोन दिवस. सलग पावसात पद्धत चालतच नाही. ठाण्यातले जून ते सप्टेंबर हिशेबातून वगळा आणि फलकावर तसं स्पष्ट लिहा.

पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळा. चाचणी सोपी: भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवून तोंडातून खाली पाहा. मथळा वाचता आला तर पुढे जा.

मोजायचं कशाने? यासाठी एक भारतीय तंत्र आहे आणि ते तुमच्या विषयात चपखल बसतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) पट्टीची चाचणी मांडली. छोट्या निर्जंतुक बाटलीत माध्यम लावलेली कागदी पट्टी असते, त्यात खुणेपर्यंत, साधारण २० मिली पाणी घालायचं. विष्ठेतून येणाऱ्या जंतूंबरोबर असणारे काही जीवाणू माध्यमातल्या थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, ते लोहाशी मिळून काळं लोह सल्फाइड होतं. पट्टी आणि पाणी काळं पडलं की पाणी दूषित. तयार बाटल्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतात. मुदत संपलेली नाही ना, ते बघून घ्या.

उबवण ३० ते ३७ अंशांत, १८ ते ४८ तास. डिसेंबरात ठाण्याची रात्र विशीपर्यंत उतरते, तेव्हा बाटल्या कपाटात ठेवल्या तर काळं पडायला उशीर होतो आणि मुलं 'पाणी चांगलं' लिहून मोकळी होतात. मासळीची थर्माकोलची पेटी घ्या, आत १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. एलईडीला पुरेशी ऊब नसते. बल्ब पत्र्याच्या डब्यात ठेवा, थर्माकोलला टेकता कामा नये. झाकणाला पेन्सिलने भोकं पाडत ३२-३४ वर आणा. बाटल्या ठेवण्याआधी बल्ब चालू ठेवून एक पूर्ण रात्र आत थर्मामीटर ठेवा आणि वाचा.

नमुने किमान पाच: मासुंदा तलावाचं पाणी तसंच, तेच दहा मिनिटं उकळून गार केलेलं, तेच सहा तास उन्हात, तेच काळ्या कागदात गुंडाळून सहा तास उन्हात, आणि तेच सहा तास वर्गात. काळ्या कागदातली बाटली जास्त तापते पण तिला प्रकाश मिळत नाही. दोन्ही बाटल्यांचं तापमान नोंदवा. काळ्या कागदातल्या बाटलीच्या पाण्याने पट्टी काळी पडली आणि उघड्या बाटलीच्या पाण्याने पडली नाही, तर काम उष्णतेचं नाही, अतिनील किरणांचं आहे, हे मुलांच्या आकड्यांतून निघतं.

इथे बहुतेक गट फसतात. ही चाचणी फक्त 'आहे की नाही' सांगते. तलावाचं पाणी इतकं दूषित असू शकतं की उन्हाने ९९ टक्के जंतू मेले तरी उरलेले पट्टी काळी करायला पुरतात. मग वाटतं पद्धत फोल. त्यावर उपाय पातळ करण्याचा. उकळून गार केलेल्या पाण्याने नमुना १० पट, १०० पट, १००० पट पातळ करा आणि प्रत्येकाची वेगळी बाटली लावा. कच्चं पाणी १००० पटीला काळं पडतं आणि उन्हातलं फक्त १० पटीपर्यंत, असं दिसलं तर साधारण शंभर पटींची घट झाली. बाटल्यांचा खर्च वाढतो, म्हणून पाचही नमुन्यांऐवजी कच्चं आणि उन्हातलं या दोघांनाच ही शिडी लावा.

नळाचं पाणी तपासायची हौस आली तर क्लोरीन लक्षात ठेवा. उरलेलं क्लोरीन जंतूंची वाढ होऊ देत नाही आणि निकाल खोटा 'शुद्ध' येतो. उलट काही बोअरवेलच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असतं, ते जंतूंशिवायही काळं करतं.

---

नववी_रसायन

ओआरएसला कोणी हात लावत नाही कारण 'त्यात प्रयोग काय' असं वाटतं. माझ्या मते चारांत तोच गट सगळ्यात वर जाऊ शकतो, आणि खर्च जवळपास शून्य.

१९७१, बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्या, बनगावला पटकी. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात पुड्या बनवून आणल्या: लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. प्यायला दिलं, नातेवाईकांच्या हातून. त्या छावणीत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

९वीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या पाठात मोल आहेच. हेच आकडे मुलांना मोलमध्ये काढायला द्या. मीठ ३.५ भागिले ५८.४४, म्हणजे ६० मिलिमोल. सोडा २.५ भागिले ८४, म्हणजे ३०. सोडियम एकूण ९०. ग्लुकोज पाण्याच्या एका रेणूसह येतं म्हणून रेणुभार १९८ घ्यायचा, १८० नाही, उत्तर १११. आता आजच्या पुडीचा हिशेब: मीठ २.६ ग्रॅम, कोरडं ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम, एका लिटरला. सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, ग्लुकोज ७५. बेरीज २४५. हा आकडा अनेक पुड्यांवर छापलेला असतो. मुलांनी तो स्वतः काढून पुडीवर शोधावा, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ का? आतड्याच्या पेशीतलं वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम बरोबरच आत घेतं, आणि त्यांच्या मागे पाणी जातं. नुसत्या मिठाच्या पाण्याने ते होत नाही, म्हणून साखर चवीसाठी नाही.

मोजमाप: टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेले क्षार दाखवणारं. पूर्ण पुडी एका लिटरमध्ये, अर्ध्या लिटरमध्ये, पाव लिटरमध्ये. घरोघरी होणारी चूक हीच आहे. एका लिटरची पुडी एका पेल्यात ओततात. पाव लिटरमध्ये सोडियम ३०० होतं, आणि जुलाब झालेल्या बाळाला ते घातक आहे. फलकावर हे मोठ्या अक्षरांत यायला हवं. पण मीटरचा धोकाही सांगा: ग्लुकोजचे आयन होत नाहीत, त्यामुळे नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात मीटर जवळपास काहीच दाखवत नाही. म्हणजे साखर कमी पडली तर मीटर ओळखणार नाही. सगळी द्रावणं एकाच तापमानाला आणा, अंशामागे साधारण दोन टक्के रीडिंग हलतं. मुलांनी केलेलं द्रावण ओतून टाका, प्यायला दुकानातली पुडी.

---

कळवा_विज्ञान

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. एक, बाटलीच्या दिव्यात मोजायचं काय? दुसरी जास्त काळजीची. आमच्या शाळेत अटल लॅब (सरकारी योजनेतली इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा) नाही, आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं की सेन्सर किंवा आर्डुइनो (सेन्सर जोडायचा छोटा संगणकी बोर्ड) दिसलं नाही तर परीक्षक नवोपक्रम मानत नाहीत. मडक्याला सेन्सर लावून देऊ का?

---

वायर_आणि_वाळू

बाटलीचा दिवा आधी. आल्फ्रेडो मोझर, ब्राझीलच्या उबेराबातले मेकॅनिक, २००२. छपराच्या भोकात बसवलेली दोन लिटरची बाटली, पाणी, दोन झाकणं ब्लीच, ते नसेल तर शेवाळ धरतं. फ्रिजचा मोठा खोका आतून काळा करा, वर पत्र्याच्या तुकड्याला बाटली घट्ट बसेल एवढं भोक, बाटलीचा एक-तृतीयांश भाग वर. मोबाइलच्या लक्स (उजेड मोजणाऱ्या) ॲपने तळावर नऊ ठिकाणी रीडिंग घ्या, एकदा नुसत्या भोकासह, एकदा बाटली लावून. भोकातून एकाच जागी झोत पडतो, बाटली तो वाकवून सगळीकडे पसरवते. म्हणून मधला एक आकडा देऊ नका, नऊही द्या. मोबाइल प्रत्येक वेळी सपाट आणि तोच हवा. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला भोक पाडायला मुलांना सांगू नका, त्याच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

आता सेन्सर. लावा, पण मोजण्यासाठी लागतो म्हणून लावा. डीएस१८बी२० हा जलरोधक नळीतला सेन्सर घ्या, अर्ध्या अंशाची अचूकता. एकाच डेटा वायरवर चारही लागतात: ओलं मडकं, कोरडं मडकं, हवा, ओला फुगा. डेटा आणि ५ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवा. तो विसरला की स्क्रीनवर −१२७ येतं आणि मुलं सेन्सर जळाला म्हणून नवा आणतात. ८५ दिसलं तर सेन्सर चालू झालाय पण अजून मोजलेलं नाही, पाऊण सेकंद थांबायला सांगा. प्रत्येक सेन्सरचा पत्ता वेगळा असतो, एकेक करून लावा आणि वायरवर रंगीत टेप गुंडाळा, नाहीतर हवेचं तापमान मडक्याच्या नावावर जातं. आर्द्रतेसाठी डीएचटी११ घेऊ नका, पाच टक्क्यांची चूक असते. डीएचटी२२ घ्या किंवा ओल्या फुग्यावरच भरवसा ठेवा. मी दुसरं करेन.

अल्कोहोलचे थर्मामीटरही शेजारी ठेवाच. सेन्सर आणि थर्मामीटर यांचं रीडिंग दोन अंशांनी वेगळं आलं तर खरं कुठलं, हे मुलांनी परीक्षकासमोर सोडवावं.

मुख्याध्यापकांना होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचं काम दाखवा. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या सोळा शाळांत किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी ते सुरू केलं. १९७८ला जिल्हाभर गेलं, पुढे १९८२ पासून एकलव्य या संस्थेने चालवलं, २००२ला सरकारने बंद केलं. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा. परीक्षेत पुस्तक उघडं, आणि प्रयोग करून दाखवायचा. तीस वर्षं खेड्यांतल्या सरकारी शाळांत हे चाललं. तुमच्या शाळेपासून मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही फार लांब नाही, प्रयोगाची रचना तिथल्या लोकांना दाखवून घेता आली तर उत्तम.

---

तलावपाळी_सूक्ष्म

एक राहिलं, कळवा ताई. तलावाचं पाणी घेताना मुलांना पायऱ्यांवर वाकू देऊ नका, दोरीला बांधलेली निर्जंतुक बाटली मोठ्या माणसाने सोडावी. निर्माल्य तरंगतंय तिथून नको, दोन-तीन मीटर आत, पृष्ठभागाखाली एक वीत. नमुना सहा तासांत लावायचा, तोवर बर्फाच्या डब्यात. म्हणजे सकाळी लवकर घेऊन साडेनऊला उन्हात ठेवता येतो.

काळ्या पडलेल्या बाटल्या प्रदर्शनात झाकण सील करून, काचेच्या पेटीत ठेवा. संपल्यावर ब्लीचिंग पावडरच्या दाट द्रावणाने काठोकाठ भरून अर्धा तास ठेवा, मग ओता. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड मिसळायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. हे काम मुलांवर सोपवू नका.